सहा आठवड्यांच्या तपासणीत आईलाही विचारा : प्रसूतिसेवा चालवणाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, परिचारिका आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक,

सप्रेम नमस्कार.

माझं बाळंतपण जिथे झालं त्या रुग्णालयाने सहा आठवड्यांच्या तपासणीतला, आईच्या मनाची विचारपूस करणारा दहा प्रश्नांचा कागद बंद केला आहे. धाकट्या जावेला तपासणीसाठी घेऊन गेले तेव्हा मला हे कळलं. तिचं वजन झालं, रक्तदाब झाला, टाके बघून झाले, बाळाची वाढ तक्त्यावर मांडली, पुढच्या लसीची तारीख मिळाली. कागद आलाच नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तो आता देत नाही आम्ही. त्यात वेळ जातो, आणि बायका सगळीकडे ठीक आहे असंच लिहितात.’

मी तसं लिहिलं नव्हतं. मी खरं लिहिलं होतं, एका सिस्टरांनी ते तिथल्या तिथे वाचलं आणि माझे उपचार सुरू झाले. म्हणून हा निर्णय मला निमूटपणे सोडून देता येत नाही. रुग्णालयाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना वेगळं पत्र दिलं आहे. हे पत्र तुम्हा सर्वांना आहे, कारण असा कागद आपल्याला कधी मिळालाच नाही असं सांगणाऱ्या बायका मला सतत भेटत आल्या आहेत.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्याला एडिंबरा मापनश्रेणी म्हणतात. जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली. गेल्या ७ दिवसांत कसं वाटलं यावर १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. बेरीज १० ते १३च्या आसपास किंवा त्यावर गेली की त्या बाईशी नीट बसून बोलायचं. नेमका आकडा भाषेप्रमाणे थोडा बदलतो. हा कागद निदान करत नाही. कुणाशी बोलायला हवं, एवढंच तो दाखवतो. भरायला पाचेक मिनिटं लागतात. तो तयार करणाऱ्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली : थकवा, भूक, अंगदुखी असले प्रश्न त्यात घेतलेच नाहीत, कारण तान्हं मूल कुशीत असलेली प्रत्येक बाई थकलेलीच असते. त्याऐवजी हसू येतं का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, उगाच स्वतःला दोष देता का, काही कारण नसताना घाबरायला होतं का, असं विचारलं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही असलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्या बाईशी त्याच दिवशी बोलायचं असतं.

आता माझ्याबद्दल. माझ्याकडे पाहून कुणालाही काही शंका आली नसती. मी रडत नव्हते. बाळ स्वच्छ, घर आवरलेलं, दूध किती वाजता आणि कोणत्या बाजूने पाजलं, लंगोट किती ओले झाले, याची वही मिनिटांसकट भरलेली. भेटायला येणारे म्हणायचे, ही पहिलटकरीण वाटतच नाही. रात्री बाळ झोपलं की मी त्याच्या छातीवर तळहात ठेवून बसायचे. श्वास चालू आहे हे कळलं की हात काढायचा, आणि काढला की लगेच पुन्हा ठेवायचा. नवरा म्हणायचा, ‘मी जागा आहे, तू झोप.’ मी आडवी व्हायचे आणि छातीतली धडधड उशीत ऐकू यायची. झोपायची सवड होती, बाळाला सांभाळायला माणूस होतं, तरी झोप येत नव्हती. बाळाने जागवणं वेगळं आणि बाळ शांत झोपलेलं असताना आईचा डोळाच न लागणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला तोवर एकाही डॉक्टरांनी विचारलं नव्हतं.

शिवाय डोळ्यांसमोर चित्रं यायची. जिना उतरताना बाळ हातातून निसटलेलं. भाजी चिरायला बसले की सुरीचं पातं आणि बाळाचा गळा. मी सुरी ठेवून द्यायचे, बाळाला दुसऱ्या खोलीत पाठवायचे आणि दाराला टेकून उभी राहायचे. हे कुणाला सांगितलं तर बाळ माझ्यापासून काढून घेतील, अशी माझी पक्की खात्री होती.

तपासणीच्या दिवशी तो कागद हातात आला. काही सबळ कारण नसताना घाबरायला होतं का, या प्रश्नावर मी ‘हो, बऱ्याचदा’वर खूण केली. सिस्टरांनी बेरीज केली, नवऱ्याला बाळाला घेऊन बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटलं आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं. ‘घाबरायला होतं तेव्हा नेमकं काय दिसतं?’ असं त्यांनी विचारलं. मी सुरीचं सांगितलं. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, ‘असे विचार पुष्कळ आयांना येतात. ते आले की तुम्ही घाबरता, बाळाला लांब ठेवता. ही गोष्ट मला डॉक्टरांना सांगू द्या.’ त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहिलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला दिलं, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळवून दिली. मला चिंताविकार होता आणि त्याच्या पोटात नैराश्यही. गोळ्या घेतल्या, समुपदेशन घेतलं, बरी झाले.

हे सगळं घडलं ते एका कागदामुळे आणि तो वाचणाऱ्या एका व्यक्तीमुळे. त्यातला कागद तुम्ही काढून घेतलात. आता माझ्या तक्रारी मांडते.

वेळ जातो हे कारण मला पटत नाही. तपासणीला आलेली बाई तुमच्या बाकावर बाळाला घेऊन ताटकळत बसलेली असते. कागद भरायला डॉक्टरांचं एक मिनिटही लागत नाही. वेळ लागतो तो ज्यांची बेरीज जास्त येते त्यांच्याशी बोलायला, आणि त्या बायकांसाठीच तर तपासणी आहे. रक्तदाब मोजताना बहुतेक जणींचा ठीकच निघतो. म्हणून कुणी यंत्र कपाटात ठेवून दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

बायका खरं लिहीत नाहीत, हे दुसरं कारण. मी म्हणते, त्या का लिहीत नाहीत ते आधी पाहा. कागद सासूच्या, आईच्या किंवा नवऱ्याच्या समोर हातात दिला जातो. तो कशासाठी आहे हे कुणी सांगत नाही. भरून दिल्यावर तो फायलीत जातो आणि पुढे त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. अशा कागदावर मन मोकळं कोण करेल? ‘प्रत्येक आईला आम्ही हे विचारतो, यावरून तुमचं बाळ कुणी नेणार नाही, तुम्हाला मदत लागली तर कळावं म्हणून हे आहे’ एवढी तीन वाक्यं एकांतात बोलून मग कागद द्या. मला ही वाक्यं सांगितली गेली होती. ती सांगितली नसती तर मीही ‘ठीक आहे’ लिहून घरी गेले असते.

‘बाळंतपणानंतर असं होतंच, आपोआप जाईल’ हे तुमच्या तोंडून फार बायका ऐकतात. ते अर्धंच खरं आहे. पहिल्या काही दिवसांतलं रडू, हळवेपणा, चिडचिड निम्म्याहून जास्त आयांना होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते, चौथ्या-पाचव्या दिवशी जोर धरते आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरते. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी खूप चढलेली असते, वार पडली की ती काही दिवसांत एकदम उतरते. त्यावर तुटक झोप, टाक्यांची दुखण, अंगावर पाजताना होणारे हाल. हे आपोआप जातं. पण दोन आठवडे उलटून गेल्यावरही मन उठत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल किंवा सतत धास्ती असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नुकतंच बाळंतपण झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्क्यांना मानसिक आजार होतो, त्यात नैराश्य मुख्य. विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ जातं. म्हणजे तुमच्या बाकावर दहा आया बसल्या असतील तर त्यांतली एक, बऱ्याच ठिकाणी दोघी. त्यांना ‘जाईल’ म्हणून परत पाठवणं ही चूक आहे.

माझी सगळ्यात मोठी तक्रार चिंतेबद्दल आहे, कारण ती माझ्या अंगावरून गेली आहे. प्रसूतीनंतरचं नैराश्य म्हटलं की तुमच्या आणि आमच्याही डोळ्यांसमोर उशीत तोंड खुपसून रडणारी बाई येते. जी बाई उठून कामाला लागते, बाळाचं सगळं वेळेवर करते, दर चार दिवसांनी तुमच्याकडे ‘बाळाचा श्वास जरा वेगळा वाटतो’ म्हणून येते, तिला तुम्ही ‘काळजीवाहू आई’ म्हणून कौतुकाने घरी पाठवता. पुन्हा पुन्हा तपासून पाहणं, दुसऱ्याच्या हातात बाळ न देणं, बाहेर पडायचं म्हटलं की हातपाय गार पडणं, छातीत कळ आल्यासारखं वाटून जीव घाबरणं, ही चिंताविकाराची लक्षणं असू शकतात. नैराश्य आणि चिंता पुष्कळदा एकत्र येतात. त्या दहा प्रश्नांतले तिसरा, चौथा आणि पाचवा हे तीन प्रश्न चिंतेकडेच बोट दाखवतात. बेरीज कमी असली तरी या तिन्हींवर खुणा जड पडल्या असतील, तर त्या बाईला थांबवून घ्या.

सुरीच्या चित्राबद्दलही इथे स्पष्ट लिहिते, कारण याबद्दल उघड बोललं जात नाही आणि त्यापायी बायका रात्र रात्र घुसमटतात. बाळाला काहीतरी होईल, आपल्या हातून होईल, असे नको असलेले विचार मनात घुसणं नव्या आयांमध्ये सर्रास आढळतं. ज्या आईला त्या विचारांनी घाम फुटतो, जी ते टाळायला धडपडते, ती ते विचार अंमलात आणायला निघालेली नसते. हा विचार पुनःपुन्हा येऊन दिवस खाऊ लागला तर त्यावर उपचार आहेत. याच्याहून अगदी वेगळी, दुर्मीळ आणि गंभीर अवस्था म्हणजे प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. तो १००० बाळंतपणांमागे एक-दोघींना होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि एकदम. झोपेची गरजच न वाटणं, भराभर बोलणं, गोंधळ, नसलेले आवाज ऐकू येणं, बाळात काही दैवी किंवा वाईट शक्ती आहे अशी खात्री पटणं. पूर्वी बायपोलर आजार (मन कधी फार चढतं, कधी खोल उतरतं असा आजार) असलेल्या बाईला त्याचा धोका जास्त. तिथे वाट पाहायची नसते, त्याच तासाला रुग्णालयात न्यायचं असतं, आणि तोवर आईला आणि बाळाला एकटं सोडायचं नसतं. या दोन अवस्थांमधला फरक तुमच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कळायला हवा. तो न कळल्यामुळे एकीला उगाच धोकादायक ठरवलं जातं आणि दुसरीला ‘जरा जास्त बोलते’ म्हणून घरी पाठवलं जातं.

औषधांबद्दल. गरोदर असल्याचं कळताच नैराश्याच्या गोळ्या एका दिवसात बंद करायला लावलेल्या, किंवा ‘गोळ्या घ्यायच्या तर अंगावर पाजणं सोडा’ असं सांगितलेल्या बायका मला भेटल्या आहेत. गोळ्या अचानक थांबवल्या तर त्रास होतो आणि आजार उलटतो. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार कमी प्रमाणात उतरतं. म्हणूनच पाजणाऱ्या आईसाठी डॉक्टर बऱ्याचदा ते आधी निवडतात. सगळीच औषधं अशी नसतात. बायपोलर आजारात दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएट गरोदरपणात टाळायचं असतं, लिथियमवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. म्हणूनच तर हा निर्णय माहितगार माणसाने आईसोबत बसून घ्यायचा. माहिती नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणा, आम्हाला ते चालेल. धाक घालून दूध किंवा औषध यांतलं एक सोडायला लावू नका. आणि गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, हेही पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर बाई आठवड्याभरात ‘याने काही होत नाही’ म्हणून गोळ्या सोडून देते.

तुमच्यातल्या काहींचं एक म्हणणं मला प्रामाणिक वाटतं : कागद भरून घेतला, बेरीज जास्त आली, मग पुढे पाठवायचं कुठे? मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, असलेल्यांकडे महिना-महिना वेळ मिळत नाही. मागे कुणी नसताना प्रश्न विचारणं हा आईवर अन्यायच आहे, हे मी मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२च्या शिफारशींमध्ये चाचणीसोबत निदान आणि उपचारांची सोय असावी असंच म्हटलं आहे. पण याचं उत्तर चाचणी बंद करणं हे होऊ शकत नाही, कारण सोय उभी करण्याचा मार्ग माहीत आहे. अतीफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या ग्रामीण भागात तिथल्या आरोग्य कार्यकर्त्यांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. घरोघरी जाणाऱ्या या बायका, मानसशास्त्राची पदवी कुणाकडेच नाही. त्यांनी नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांना ठरावीक भेटी दिल्या. मनात येणारा विचार ओळखायचा, तो तपासून पाहायचा, रोज एक छोटं काम ठरवायचं, घरच्यांना सोबत घ्यायचं, असं त्या भेटींचं स्वरूप. २००८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या भेटी मिळालेल्या आयांपैकी २३ टक्क्यांना नैराश्य होतं. साध्या भेटी मिळालेल्यांमध्ये ५३ टक्क्यांना. २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच पद्धतीची पुस्तिका काढली. ज्यांच्याकडे मनुष्यबळ कमी आहे त्यांच्यासाठीच हा मार्ग आखलेला आहे. गंभीर आजारी बाईला तज्ज्ञच लागेल, हे खरं. पण बाकीच्या अनेकींना ऐकून घेणारी, शिकवलेली, ठरल्या दिवशी पुन्हा येणारी व्यक्ती मिळाली तरी पुष्कळ फरक पडतो.

सहा आठवड्यांची एकच तपासणी पुरेशी नाही, हीही तक्रार आहेच. आजार गरोदरपणातच सुरू झालेला असू शकतो, आणि वर्षभरात कधीही डोकं वर काढू शकतो. त्या २०२२च्या शिफारशींमध्ये पहिल्या २४ तासांत, मग ४८ ते ७२ तासांदरम्यान, ७ ते १४ दिवसांदरम्यान आणि सहाव्या आठवड्यात, अशा किमान चार भेटी सांगितल्या आहेत. त्यानंतर आई तुमच्याकडे येत नाही, बाळाच्या लसीसाठी मात्र न चुकता येते. म्हणून बालरोगतज्ज्ञांना मी या पत्रात मुद्दाम ओढलं आहे. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची जी गोपनीय चौकशी वर्षानुवर्षं होते, तिचे अहवाल सांगतात की प्रसूतीनंतर सहा आठवडे ते एक वर्ष या काळात गरोदरपण-बाळंतपणाशी थेट जोडलेल्या कारणांनी होणाऱ्या मातामृत्यूंमध्ये आत्महत्या सर्वांत पुढे आहे. म्हणजे तुमची शेवटची तपासणी संपते आणि तो काळ सुरू होतो.

ज्यांचं बाळ काचेच्या पेटीत आहे, ज्यांचं बाळ गेलं, ज्यांना बाळंतपणातच जिवावर बेतलं, ज्यांना घरात मारहाण होते, ज्यांना आधी नैराश्य येऊन गेलं आहे, त्यांना धोका जास्त, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी बाळ गेलेल्या आईला सहा आठवड्यांनी बोलवायचंच राहून जातं, कारण तुमची सगळी व्यवस्था बाळाच्या कार्डावर चालते. बापांनाही नैराश्य येतं. वेगवेगळ्या अभ्यासांत ते दहातल्या एकाच्या आसपास दिसलं आहे. त्यांना विचारायची तर पद्धतच नाही.

आता मागण्या. त्या साध्या आहेत.

ज्या रुग्णालयांनी हा कागद बंद केला त्यांनी तो पुन्हा सुरू करावा. ज्यांनी कधी दिलाच नाही त्यांनी गरोदरपणात किमान एकदा, सहाव्या आठवड्यात आणि नंतर बाळाच्या लसीच्या भेटींमध्ये तो द्यावा. तो आईच्या भाषेतला असावा, आणि जिला वाचता येत नाही तिला एकांतात वाचून दाखवावा, घरच्या माणसाकरवी नाही.

भरलेला कागद आई दारातून बाहेर पडण्याआधी वाचला गेला पाहिजे. दहाव्या प्रश्नावर खूण असेल तर ती बाई त्या दिवशी कुणाशीही न बोलता घरी जाता कामा नये.

प्रत्येक प्रसूती विभागात या कामासाठी नेमलेली, शिकवलेली एक तरी व्यक्ती असावी. परिचारिका चालेल, समुपदेशक चालेल. तिच्याकडे पुढे कुठे पाठवायचं याची खरी, फोन लावून तपासलेली यादी असावी. ‘पाठवलं’ एवढं लिहून फाइल बंद करू नये. बाई तिथे पोचली का, हे दोन आठवड्यांत विचारावं.

आईच्या मनाबद्दल बोलायचं तेव्हा घरच्यांना बाहेर थांबवावं. नंतर, तिची परवानगी घेऊन, घरच्यांना आत बोलवावं आणि काय करायचं ते नेमकं सांगावं. ‘तिला आनंदी ठेवा’ हे सांगणं निरुपयोगी आहे. माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं की रात्री सलग चार-पाच तास तिला झोप मिळेल अशी व्यवस्था करा, त्या वेळात बाळ तुमच्याकडे आणि दार बंद. तिला एकटीला जेवायला बसवू नका, सोबत जेवा. ‘सगळ्याच बायका करतात’ हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका. रोज दिवसाउजेडी तिला घराबाहेर न्या. ते त्याने केलं आणि मला त्याचा उपयोग झाला. औषधाच्या जोडीला झाला, औषधाऐवजी नाही, एवढं नमूद करते.

आणि डिस्चार्ज कार्डावर, टाक्यांच्या काळजीच्या खाली, इतक्याच मोठ्या अक्षरांत हे छापावं : दोन आठवड्यांनंतरही उदास किंवा घाबरल्यासारखं वाटत असेल, बाळ झोपल्यावरही झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, नको ते विचार येत असतील, तर या क्रमांकावर फोन करा. हा आजार आहे, तो बरा होतो, यात तुमचा दोष नाही. जीव द्यावासा वाटत असेल, बाळाला इजा करावीशी वाटत असेल किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर लगेच रुग्णालयात या, एकट्या राहू नका. ज्वर आला किंवा रक्तस्राव वाढला तर काय करायचं हे तुम्ही कार्डावर छापता. हेही तितकंच छापण्यासारखं आहे.

यातल्या एकाही मागणीसाठी नवं यंत्र लागत नाही. माणसं लागतात आणि त्यांना शिकवावं लागतं, त्याला पैसा लागतो, हे मला ठाऊक आहे. तो अंदाजपत्रकात मागा. तुम्ही मागितलात तर आम्ही आया तुमच्या पाठीशी उभ्या राहू.

ज्या व्यवस्थापनाने तो कागद बंद केला त्यांनी निर्णय कुणी, कोणत्या आधारावर घेतला आणि तो मागे घेणार का, याचं उत्तर माझ्या पत्राला लेखी द्यावं. बाकीच्यांनी आपापल्या विभागात आज काय चालतं ते तपासून जाहीर करावं. कागद समजावून सांगायला माणसं कमी पडत असतील तर माझ्यासारख्या, यातून गेलेल्या बायका तुमच्या बाकांवर येऊन बसायला तयार आहेत. कागद कसा भरायचा ते सांगू, तेवढा वेळ बाळ धरू. भरलेला कागद वाचून पुढचं पाऊल उचलणारी शिकवलेली व्यक्ती मात्र तुमची हवी.

आपली,
त्या कागदामुळे वेळेवर उपचार मिळालेली एक आई